बीओडी १० च्या आत, तरी हार्मोन ओढ्यात: ओझोन घ्यायच्या आधी काय पाहायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रोज सुमारे ४,००० घनमीटर मैलापाणी घेणारा, ॲक्टिव्हेटेड स्लज पद्धतीचा (हवा देऊन गाळातल्या जंतूंकडून घाण मोडून घेणारा) प्लांट. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी (उरलेली सेंद्रिय घाण मोडायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत, शेवटी जंतू मारायला यूव्ही, आणि पाणी एका लहान ओढ्यात सोडलं जातं. कुणीतरी सांगितलं की गर्भनिरोधक गोळ्यांतले हार्मोन या सगळ्यातून तसेच पुढे जातात आणि नर माशांत मादीची लक्षणं येतात. विक्रेता ओझोन बसवा म्हणतोय. घ्यायचा का? आणि त्याआधी पाणी तपासायचं तर कसं? शिवाय, खाली कुणी ते पाणी पीत असेल तर?

आधी प्रश्न जरा वेगळा मांडतो. हार्मोन आहेत का, याचं उत्तर तपासणी न करताही 'आहेत' असंच आहे; माणसांच्या लघवीतून ते येतातच. पाहायचं ते एवढंच, की तुमचा प्लांट त्यातले किती मोडतो आणि ओढ्यात उरलेले किती पातळ होतात. पहिली गोष्ट मुख्यतः गाळाच्या वयावर (जंतूंनी भरलेला गाळ प्लांटमध्ये सरासरी किती दिवस राहतो त्यावर) ठरते, दुसरी ओढ्याच्या कोरड्या दिवसांतल्या प्रवाहावर. हे दोन आकडे हातात आल्याशिवाय ओझोनचं कोटेशन उघडू नका.

सांडपाण्यात नेमके कोणते हार्मोन असतात? मुख्य चार. इस्ट्रोन, इस्ट्रॅडिऑल आणि इस्ट्रिऑल हे तीन नैसर्गिक, आणि इथिनिल इस्ट्रॅडिऑल हे गोळीतलं कृत्रिम. नैसर्गिक तीन फक्त बायकांकडून येतात असं नाही. पुरुषांच्या लघवीतूनही थोडे येतात, आणि गर्भवती स्त्रीच्या शरीरातून कितीतरी पट जास्त. त्यामुळे सगळा दोष गोळीवर टाकणं चुकीचं आहे. बहुतेक प्लांटच्या बाहेरच्या पाण्यात वजनाने सर्वांत जास्त सापडतं ते इस्ट्रोन. गोळीतलं रसायन वजनाने नगण्य असतं, पण माशाच्या शरीरात ते इस्ट्रॅडिऑलच्या साधारण १० ते २५ पट जोर दाखवतं आणि जंतूंना लवकर मोडता येत नाही. म्हणून थोडं असूनही हिशोबात ते वरचढ ठरतं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती माहीत नसल्याने तपासणीचे आकडे वाचताना गोंधळ होतो. शरीर हे हार्मोन बाहेर टाकताना त्यांना ग्लुकुरोनाइड किंवा सल्फेट जोडून निष्क्रिय करतं. गटारातले ई. कोलायसारखे जंतू ग्लुकुरोनाइडचा भाग सहज तोडतात आणि हार्मोन पुन्हा मोकळा, म्हणजे सक्रिय होतो. सल्फेट जोडलेला भाग हळू तुटतो आणि काही वेळा एरेशन टँकपर्यंत (हवा देण्याच्या टाकीपर्यंत) तसाच येतो. शिवाय इस्ट्रॅडिऑल मोडताना पहिली पायरी म्हणजे त्याचं इस्ट्रोन होणं. या दोन्ही कारणांनी इनलेटपेक्षा आउटलेटला इस्ट्रोन जास्त दिसू शकतं. असा रिपोर्ट आला की लॅबवर खापर फोडू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ काम अर्धवट झालंय एवढाच असतो.

माशांचं म्हणाल तर ती अफवा नाही. ब्रिटनमध्ये प्रक्रिया केलेलं सांडपाणी सोडतात त्या ठिकाणी पिंजऱ्यात नर ट्राउट ठेवून पाहिले, तेव्हा त्यांच्या रक्तात व्हिटेलोजेनिन सापडलं. हे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. व्हिटेलोजेनिन हे अंड्याच्या बलकासाठी यकृतात तयार होणारं प्रथिन. त्याचं जनुक नरातही असतं, फक्त इस्ट्रोजेनचा इशारा मिळेपर्यंत ते गप्प बसतं. १९९८ मध्ये जॉबलिंग, सम्प्टर आणि सहकारी संशोधकांनी तिथल्या नद्यांतल्या रोच माशांच्या वृषणात अंडपेशी मोठ्या प्रमाणावर आढळल्याचं दाखवलं. त्याच वर्षी आउटलेटच्या पाण्याचे रासायनिक भाग वेगळे करून तपासले गेले आणि बोट गेलं ते याच नैसर्गिक व कृत्रिम इस्ट्रोजेनकडे. पुढे कॅनडात ओंटारियोमधल्या एका प्रायोगिक तलावात २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे इथिनिल इस्ट्रॅडिऑल लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम राहील इतकं सोडलं. फॅटहेड मिनो या लहान माशाची संख्या तिथे जवळजवळ कोसळली. डोस थांबवल्यावर काही वर्षांनी ती सावरली, हेही खरं.

लिटरला एक नॅनोग्रॅम म्हणजे किती? १,००० घनमीटर पाण्यात एक मिलिग्रॅम. तुमच्या ४,००० घनमीटरच्या प्लांटमधून लिटरला एक नॅनोग्रॅम जातंय याचा अर्थ दिवसभरात फक्त चार मिलिग्रॅम जातंय. बीओडीचा आकडा याबद्दल काहीच सांगू शकत नाही, कारण बीओडी मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि ही गोष्ट त्याच्या दहा लाखाव्या भागात चालते.

आता प्लांटकडे. हार्मोन दोन वाटांनी कमी होतात: काही भाग गाळाच्या कणांना चिकटतो, बाकीचा जंतू खातात. खाण्याचं काम मंद वाढणाऱ्या जंतूंकडे असतं, आणि गाळ भराभर बाहेर काढला की असे जंतू टिकतच नाहीत. म्हणून मी हार्मोनच्या आधी अमोनिया पाहतो. नायट्रिफिकेशन करणारे, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट करणारे जंतूही मंद वाढतात, त्यामुळे आउटलेटचा अमोनिया दिवसाच्या कुठल्याही तासाला लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर गाळाचं वय पुरेसं आहे असं मानायला हरकत नाही. बीओडी १० आणि अमोनिया १५ असा प्लांट कागदावर पास होतो, पण तो हार्मोनच्या बाबतीत जवळपास नक्कीच कच्चा असतो. अमोनियाचा नमुना सकाळी शांत वेळी घेऊ नका. लोड सर्वांत जास्त असतो तेव्हाचं पाणी आउटलेटला पोचेल, त्या तासाला घ्या.

गाळाचं वय काढायला लॅब लागत नाही. समजा एरेशन टँक १,००० घनमीटर आणि एमएलएसएस (टाकीतल्या पाण्यात तरंगणारा गाळ) लिटरला ३,५०० मिलिग्रॅम, तर टाकीत ३,५०० किलो गाळ आहे. रिटर्न लाइनमधून (बसलेला गाळ टाकीत परत आणणाऱ्या नळीतून) ८,००० मिलिग्रॅमचा गाळ रोज ४० घनमीटर वेस्ट करता (बाहेर काढून टाकता), म्हणजे ३२० किलो. आउटलेटला टीएसएस (पाण्यासोबत जाणारे गाळाचे कण) १० मिलिग्रॅम असेल तर ४,००० घनमीटरसोबत आणखी ४० किलो निघून जातो. ३,५०० भागिले ३६०, म्हणजे ९.७ दिवस. वेस्टिंग २५ घनमीटरवर आणलं तर बाहेर जाणारा गाळ २४० किलो होतो आणि वय १४ दिवसांच्या पुढे जातं. पुढे एमएलएसएस चढत जाईल, तसा हिशोब पुन्हा करावा लागेल. बरेच लोक आउटलेटमधला गाळ धरायचाच विसरतात आणि वय फुगवून सांगतात.

किती वय हवं? टाकीतलं पाणी १० अंशांपर्यंत थंड होत असेल तर किमान १० दिवस, आणि मी त्याच्यावर थोडं मार्जिन ठेवून १२ ते १५ दिवस धरतो. पाणी गरम असेल तर कमी वयातही नायट्रिफिकेशन होतं, पण इथिनिल इस्ट्रॅडिऑलसाठी वय जास्तच बरं. चांगल्या नायट्रिफाय होणाऱ्या प्लांटमध्ये इस्ट्रॅडिऑल सहसा ९० टक्क्यांहून अधिक जातं. इस्ट्रोन खालीवर होतं. इथिनिल इस्ट्रॅडिऑल सर्वांत हट्टी, त्याचा काही भाग उरतोच.

वय वाढवायचं म्हणजे नुसता वेस्टिंगचा व्हॉल्व्ह बंद करायचा असं नव्हे. इथेच बहुतेक ठिकाणी गडबड होते. वेस्टिंग एकदम निम्मं केलं की एमएलएसएस चढतो, क्लॅरिफायरवर (गाळ खाली बसवणाऱ्या टाकीवर) गाळाचा भार वाढतो आणि पहिल्याच मोठ्या पावसात गाळाची पातळी वर येऊन कण वेअरवरून (टाकीच्या काठावरून) वाहू लागतात. त्या कणांना हार्मोन चिकटलेले असतात, म्हणजे कमावलेलं तिथेच गेलं. दर तीन-चार दिवसांनी साधारण दहा टक्के कमी करा, रोज सेटलिंगची चाचणी घ्या आणि गाळाची पातळी मोजा. शेवटच्या बदलानंतर गाळाच्या वयाच्या दोन-तीन पट दिवस जाऊ द्या, मगच निकाल लावा. पंधरवड्यात फरक पडला नाही म्हणून परत जुन्या वेस्टिंगवर जाण्याइतकं वाया जाणारं काम दुसरं नाही.

हवा आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता) याच वेळी तपासा. एक किलो अमोनिया नायट्रोजनला सुमारे ४.५७ किलो ऑक्सिजन लागतो, आणि प्रत्येक मिलिग्रॅमला ७.१४ मिलिग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते. इनलेटला अमोनिया ३० असेल तर २१४ मिलिग्रॅम अल्कलिनिटी संपणार. शेवटी ७०-८० तरी उरायला हवी, नाहीतर पीएच घसरतो आणि नायट्रिफिकेशन मध्येच अडकतं. विरघळलेला ऑक्सिजन टाकीच्या शेवटच्या टोकाला २ मिलिग्रॅमच्या आसपास असावा, आणि तोही लोड जास्त असताना. क्लॅरिफायरवर गाळाचे लपके बुडबुड्यांसकट तरंगून येऊ लागले तर तिथे डीनायट्रिफिकेशन (नायट्रेटचा नायट्रोजन वायू होणं) सुरू झालंय. रिटर्न वाढवा, किंवा टाकीच्या सुरुवातीला बिनहवेचा कप्पा करा. तशा कप्प्यामुळे खर्च झालेल्या अल्कलिनिटीतली जवळपास निम्मी परतही मिळते.

दोन चोरवाटाही पाहा. एक, बायपास. समजा प्रक्रियेनंतर इस्ट्रोन लिटरला ३ नॅनोग्रॅम उरतं आणि कच्च्या पाण्यात ते ६० आहे. फक्त २ टक्के कच्चं पाणी बायपासमधून मिसळलं तरी एकूण आकडा ४.१ वर जातो, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त वाढ. गळका गेटही एवढं सहज सोडतो. दुसरी वाट म्हणजे गाळ पिळून निघणारं पाणी. हार्मोन बिनहवेच्या स्थितीत फार हळू मोडतात, त्यामुळे डायजेस्टर (गाळ बिनहवेने कुजवणारी टाकी) असेल तर त्यानंतरचं हे पाणी एका शिफ्टमध्ये एकदम इनलेटला ढकलू नका, दिवसभर थोडंथोडं सोडा.

आता ओढा. पुढचे आउटलेटचे आकडे मी फक्त हिशोब दाखवायला घेतलेत, तुमचे वेगळे असतील. मानू या की कच्च्या नायट्रिफिकेशनच्या प्लांटमधून इस्ट्रोन २०, इस्ट्रॅडिऑल २ आणि इथिनिल इस्ट्रॅडिऑल ०.५ नॅनोग्रॅम बाहेर पडतं. माशांसाठी सुरक्षित मानलेल्या पातळ्या शास्त्रीय साहित्यात अनुक्रमे ६, २ आणि ०.१ अशा वापरल्या जातात. ओढ्यात एकूण दहापट पातळ झालं तर उरतात २, ०.२ आणि ०.०५. प्रत्येकाला त्याच्या पातळीने भागून बेरीज केली की येते ०.९३, म्हणजे काठावर. कोरड्या दिवसांत पातळ होणं तिप्पटीवर आलं तर तीच बेरीज ३.१ होते. बेरीजच करायची, कारण चारही हार्मोन माशाच्या शरीरात एकाच रिसेप्टरवर काम करतात. एकेकटा मर्यादेत आहे म्हणून समाधान मानता येत नाही. (इस्ट्रिऑल फार क्षीण, म्हणून वर धरलं नाही.)

गाळाचं वय सुधारून तेच आकडे ४, ०.५ आणि ०.३ वर आले असं धरा. तिप्पट पातळ झाल्यावर बेरीज सुमारे १.३ येते, आणि त्यातला १ एकट्या इथिनिल इस्ट्रॅडिऑलचा. म्हणजे जवळजवळ काही खर्च न करता धोका निम्म्याहून कमी झाला, आणि आता उरलेल्यासाठी ओझोन किंवा कार्बनचा विचार करायला आधार मिळाला. युरोपात इथिनिल इस्ट्रॅडिऑलसाठी ०.०३५ नॅनोग्रॅम इतका कडक आकडाही सुचवला गेला आहे; तो धरला तर बेरीज अर्थातच वाढते. ओढ्याच्या वरच्या बाजूला गुरांचे गोठे किंवा दुसरा मैलापाण्याचा प्लांट असेल तर पातळ करणारं पाणी स्वच्छ आहे हे गृहीतच चुकतं, म्हणून आउटलेटच्या वरचाही नमुना घ्यायचा.

तपासणीत सर्वांत जास्त पैसे वाया जातात. लॅबला फोन केल्यावर पहिला प्रश्न 'किती खर्च' हा नको. इथिनिल इस्ट्रॅडिऑल मैलापाण्याच्या नमुन्यात, शुद्ध पाण्यात नव्हे, किमान किती नॅनोग्रॅमपर्यंत खात्रीने मोजता, हे विचारा. उत्तर ५ आलं तर त्यांचा 'आढळलं नाही' हा रिपोर्ट तुमच्या काहीच कामाचा नाही, कारण धोक्याची पातळी ०.१ आहे. पद्धत एलसी-एमएस-एमएस (पदार्थ वेगळे करून रेणूच्या वजनावरून ओळखणारी) हवी, आणि ड्यूटेरियम लावलेलं स्टँडर्ड (ओळखता येईल असा तोच हार्मोन, माहीत असलेल्या प्रमाणात) नमुना गाळण्यापूर्वी किंवा निदान एक्स्ट्रॅक्शनपूर्वी (पाण्यातून हार्मोन वेगळे काढण्यापूर्वी) घातलेलं असावं. मैलापाण्यातली इतर द्रव्यं मशीनचा सिग्नल दाबतात. ते स्टँडर्ड नसेल तर किती दाबला गेला हे कुणालाच कळत नाही. एलायझा किट (प्रतिपिंडांवर चालणारी चाचणी) स्वस्त पडतं, पण इतक्या खालच्या पातळीवर मैलापाण्यात ते दुसऱ्याच पदार्थांना इस्ट्रोजेन समजून बसतं.

नमुना चोवीस तासांचा, प्रवाहाच्या प्रमाणात गोळा केलेला असावा, आणि पाऊस नसलेल्या किमान तीन दिवसांचा, त्यात एक सुट्टीचा दिवस. गडद काचेची बाटली, मिथेनॉलने खळबळून घेतलेली. सॅम्पलरची नळी टेफ्लॉनची, कारण साध्या प्लास्टिकमधून बिस्फेनॉल ए झिरपू शकतं आणि हार्मोन तिच्या भिंतीला चिकटतात. बाटल्या साबणाने धुऊ नका. काही औद्योगिक डिटर्जंटमधलं नोनिलफिनॉल हेही क्षीण इस्ट्रोजेनच आहे. नमुना घेणाऱ्याने हार्मोनचं मलम किंवा जेल लावलेलं नसावं. शुद्ध पाण्याची एक बाटली हीच सगळी फिरस्ती करून परत आणायची, ती कोरी निघाली तरच बाकीच्यांवर विश्वास. बर्फात ठेवा, एक-दोन दिवसांत एक्स्ट्रॅक्शन व्हायला हवं, आणि नमुना टिकवायला आम्ल घालायचं का ते त्या लॅबला विचारूनच ठरवा.

रासायनिक तपासणीला जोड म्हणून जैविक चाचणी चांगली. आयएसओ १९०४० मध्ये यीस्ट आणि मानवी पेशी वापरून पाण्याचा एकूण इस्ट्रोजेनिक जोर मोजायच्या पद्धती आहेत. उत्तर 'इतक्या इस्ट्रॅडिऑलइतका जोर' असं मिळतं, आणि तुम्ही शोधलीच नाहीत ती रसायनंही त्यात धरली जातात. नमुना यीस्टला विषारी असेल तर मात्र आकडा खोटा कमी येतो. लॅबने पेशी जिवंत होत्या का याची नोंद द्यायलाच हवी.

ओझोनबद्दल आता बोलू. हार्मोन मोडण्यात तो उत्तम आहे. या रेणूंतला फिनॉलचा भाग ओझोनला झटकन बळी पडतो, आणि एक ग्रॅम विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनला ०.४ ते ०.७ ग्रॅम ओझोन दिला की बहुतांश इस्ट्रोजेन जातं. पाण्यात असा कार्बन ८ मिलिग्रॅम असेल तर डोस साधारण ४ मिलिग्रॅम. पण नायट्राइट (अमोनियाचं नायट्रेट होतानाची मधली पायरी) ओझोन खातं: एक मिलिग्रॅम नायट्राइट नायट्रोजनला ३.४ मिलिग्रॅम. नायट्रिफिकेशन अर्धवट राहून अर्धा मिलिग्रॅम नायट्राइट उरलं तरी चारातले जवळपास पावणेदोन तिथेच खर्च. म्हणजे गाळाचं वय न सुधारता ओझोन बसवला की बिल भरायचं नायट्राइटसाठी. शिवाय पाण्यातलं ब्रोमाइड आधी मोजा. ते जास्त असेल तर ब्रोमेट हे घातक रसायन तयार होतं आणि ओझोनऐवजी कार्बन बरा. ओझोननंतर वाळूचा किंवा जैविक फिल्टर लागतोच, अर्धवट मोडलेले तुकडे खायला. विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये तो नसेल तर कोटेशन अपुरं आहे.

पावडर कार्बनचा डोस सहसा लिटरला १० ते २० मिलिग्रॅम, आणि त्याच्यामागे चांगला फिल्टर, नाहीतर हार्मोन चिकटलेली पावडरच ओढ्यात जाते. दाणेदार कार्बनच्या बेडमध्ये पाणी २०-३० मिनिटं राहायला हवं. बेड संपला हे डोळ्यांना कळत नाही, त्यामुळे तपासणीचं वेळापत्रक आधीच ठरवा. तुमच्या यूव्हीची भिस्त मात्र सोडा. जंतू मारायच्या डोसला इस्ट्रोजेन फारसं हलत नाही. एमबीआर (मेंब्रेनने गाळ अडवणारा जैविक प्लांट) चांगलं काम करतं ते गाळाचं वय जास्त ठेवता येतं आणि कण अडतात म्हणून. मेंब्रेनची छिद्रं या रेणूंपेक्षा कितीतरी मोठी असतात, ते आरपार जातात. आरओ अडवतो, पण सगळं रिजेक्टमध्ये (मागे उरलेल्या दाट पाण्यात) गोळा होतं आणि त्याचं पुढे काय करायचं हा नवा प्रश्न उभा राहतो.

नियमांची दिशाही सांगतो. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक प्लांटना सूक्ष्म प्रदूषकं ८० टक्के काढणं बंधनकारक केलं. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशानुसार दीड लाख किंवा जास्त लोकसंख्येइतका भार घेणाऱ्या प्लांटना टप्प्याटप्प्याने २०४५ पर्यंत चौथी पायरी (सूक्ष्म प्रदूषकं काढण्याची) जोडायची आहे. गंमत अशी की दोन्हीकडे काम तपासायला निवडलेल्या पदार्थांच्या यादीत हार्मोन नाहीत. डायक्लोफिनॅक, कार्बामाझेपिन अशी सहज मोजता येणारी औषधं आहेत. तुम्हीही रोजचं नियंत्रण तसंच ठेवा. पाणी २५४ नॅनोमीटरचा यूव्ही प्रकाश किती शोषतं ते ओझोनच्या आधी आणि नंतर मोजा, ते किती टक्के घटलं यावर डोस बांधा, आणि हार्मोनची महागडी तपासणी वर्षातून मोजक्या वेळा करा.

खाली कुणी ते पाणी पितं का, हाही तुमचा उपप्रश्न होता. पिण्याच्या पाण्यासाठी युरोपात इस्ट्रॅडिऑलचा मार्गदर्शक आकडा लिटरला १ नॅनोग्रॅम आहे. तेवढं असलेलं दोन लिटर पाणी प्यायलं तर पोटात २ नॅनोग्रॅम जातात. प्रौढ पुरुषाचं शरीर स्वतःच रोज याच्या हजारो पट बनवतं. मासा मात्र चोवीस तास त्याच पाण्यात कल्ल्यांनी श्वास घेतो आणि हार्मोन थेट रक्तात ओढतो. म्हणून मर्यादा माशासाठी बांधल्या जातात. पिणाऱ्यांच्या दृष्टीने त्या ओढ्यातल्या जंतूंची काळजी कितीतरी आधी येते.

पुढचं बोलायला मला चार आकडे हवेत: सर्वांत जास्त लोडच्या तासाचा आउटलेटचा अमोनिया आणि नायट्राइट, वर्षातल्या सर्वांत थंड महिन्यातलं टाकीचं तापमान, रोजचं वेस्टिंग घनतेसकट, आणि ओढ्याचा कोरड्या दिवसांतला प्रवाह. शेवटचा कुठेच नोंदलेला नसेल तर पाणी सर्वांत कमी असेल त्या आठवड्यात ओढ्याचा एक सरळ, एकसारखा पट्टा निवडा, रुंदी आणि खोली तीन-चार ठिकाणी मोजा, तरंगती वस्तू सोडून वेग काढा आणि त्याला ०.८५ ने गुणा. हा अंदाज ढोबळ असला तरी पातळ होणं तिप्पट आहे की तीसपट, एवढं त्यातून कळतं.